दुसरी किल्ली

एग्मोर, चेन्नई
१ जून २००३, रविवार

कौशिक,

घर मिळालं. आधी एवढं वाच, मग पुढचं वाचून कपाळाला आठ्या घाल.

तुझी अट मला पाठ आहे. स्वतंत्र घर हवं, मालकाच्या सहीचं करारपत्र हवं, नोकरदार बायकांच्या हॉस्टेलचा पत्ता चालणार नाही, मगच शर्मिष्ठाला पाठवीन. तिला इकडे यायचंय हे तुलाही माहीत आहे. केंद्रीय विद्यालयात नववीची जागा जुलै संपेपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत. म्हणून बदलीवर आल्यापासून दर रविवारी मी ‘टू लेट’च्या पाट्या वाचत हिंडत होते. नुंगंबाक्कमला ऑफिसजवळ एक घर आवडलं होतं. मालकीणबाईंनी आधी विचारलं, मांसाहार करता का. नाही म्हटलं. मग विचारलं, मिस्टर कुठे असतात. खरं सांगितलं. त्या "घरच्यांना विचारून कळवते" म्हणाल्या आणि दार लागलं. असं सतरा ठिकाणी झालं, कौशिक. अठराव्या ठिकाणी मी खोटं बोलले.

हे अठरावं घर स्टेशनच्या मागच्या जुन्या गल्लीत आहे. खाली मालक, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालायला गच्ची. मालक नारायणस्वामी, वय सत्तरीचं, रेल्वेतून निवृत्त. दिवसभर दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावर बसून पेपर वाचतात. त्यांच्या थोरल्या भावाची विधवा, भवानीअम्मा, घर सांभाळते. इकडे अशा सगळ्याच बायकांना मामी म्हणतात, म्हणून मीही मामी म्हणते. नारायणस्वामींना मी सांगितलं, माझे यजमान खडकीच्या फॅक्टरीत आहेत, रजा मिळाली की येतील. यात खोटं फक्त शेवटचं वाक्य आहे.

तेवढ्यावर किल्ली दिली, पण करारपत्र नाही दिलं. ते तू आल्यावर. इकडची पद्धत अशी, की नव्या बिऱ्हाडात नवराबायकोनं आधी दूध उतू घालवायचं, मग चूल सुरू करायची. तोवर मी पाहुणी. गॅस आहे, शेगडी आहे, पण पेटवायची नाही. सकाळची कॉफी खालून येते, जेवण कोपऱ्यावरच्या मेसमध्ये. आणि सतरा जुलैला यांचा आडी महिना लागतो. त्यात कुणी घर बदलत नाही, दूध नाही, करार नाही. "बिफोर आडी, ऑर व्हेकेट," असं नारायणस्वामींनी सांगितलंय, अगदी सभ्यपणे.

तेव्हा एक दिवस ये. स्टेशनवरून घरी, दूध, सही, परत स्टेशन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. अडला हरी म्हणतात तशी मी अडले आहे, आता पाय कुणाचे धरायचे ते तूच ठरव.

खालच्या फोनचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. तो शर्मिष्ठासाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

विद्युलता


१५ जून २००३, रविवार

कौशिक,

उत्तर नाही. ठीक आहे, तुझा स्वभाव मी विसरलेले नाही.

इथे मात्र काहीतरी शिजतंय आणि ते शेगडीवर नाही. या मामीचं लक्षण मला बरं दिसत नाही. पंच्याहत्तरीची बाई, नऊवारीसारखं लुगडं, नाकात दोन्हीकडे चमक्या, बोलणं कमी आणि बघणं जास्त. रोज संध्याकाळी मी गेटातून आत आले की विचारते, "सार् एप्पो वराऽर?" म्हणजे साहेब कधी येणार. एकदा नाही, रोज. आणि मोठ्यानं, म्हणजे झोपाळ्यावरच्या दिरालाही ऐकू जावं. दीर पेपर खाली घेऊन माझ्या तोंडाकडे बघतात. मी म्हणते, "लीव्ह सँक्शन व्हायची आहे." ते "अच्छा" म्हणून परत पेपरात. गंमत अशी, की नारायणस्वामी देवळात गेलेले असतात तेव्हा ही बाई हा प्रश्न विचारत नाही. तेव्हा नुसती हसते. मला तर वाटतं, साक्षीदार असल्याशिवाय चौकशी करायची नाही असं तिनं ठरवलंय.

दुसरं. माझ्या घराची दुसरी किल्ली तिच्या कमरेला आहे. मी मागितली तर "इरुक्कट्टुम्" म्हणाली, असू दे. का असू दे?

आणि कुणीतरी वर येतं. मला खात्री आहे. इकडे पाण्याची बोंब आहे, नळ कोरडे, टँकरची लॉरी गल्लीत येते आणि बायका प्लास्टिकच्या रंगीत घागरी घेऊन धावतात. ती लॉरी येते तेव्हा मी ऑफिसात. मी रात्री खालच्या हातपंपावरून चार घागरी वर नेते आणि स्वयंपाकघरातला निळा ड्रम भरते. जपून वापरते, त्यामुळे पुरतं. ऑफिसातल्या बायका रडतात, मला मात्र कधी कमी पडलं नाही, यावरून काटकसर ओळख. तर त्या ड्रमचं झाकण मी नेहमी चीर गेलेली बाजू भिंतीकडे करून ठेवते. परवा ती चीर दाराकडे होती.

ती काय शोधते आहे? पुरुषाचे कपडे आहेत का, ते? कपाटात तुझा एकही शर्ट नाही हे तिला एव्हाना कळलं असणार. तू आला नाहीस तरी एक जुना शर्ट तरी पाठव. हे मी थट्टेनं लिहीत नाही.

विद्युलता


२९ जून २००३, रविवार

कौशिक,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "येणार नाही. आधी करारपत्राची प्रत." सात शब्दसुद्धा नाहीत. घराशिवाय मुलगी नाही, नवऱ्याशिवाय घर नाही, आणि नवरा म्हणतो आधी घर दाखव. एवढा गोल जत्रेतला पाळणासुद्धा फिरत नाही.

आणि पोस्टकार्ड का? उघडं? ते खालीच पडलं होतं, मामीनं आणून हातात दिलं. तिला देवनागरी वाचता येत नसणार, पण उलटसुलट करून तिनं ते बराच वेळ पाहिलं होतं, कडेला हळदीचं बोट होतं.

आता मी तिच्यावर डोळा ठेवला आहे. ऑफिसला जाताना उंबऱ्याच्या आत चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरते. सोमवारी काही नाही. मंगळवारी परत आले तर पावडरीत पाऊल. अनवाणी, लहान, आणि ओलं. ओलं का, ते माझ्या डोक्यात येत नाही. देवघरात शिरताना पाय धुवावेत तशी पाय धुऊन माझ्या घराची झडती घेते की काय?

तू हसत असशील. किंवा हसत नसशील. तुझ्या स्कूटरचा मीटर मी वहीत लिहून ठेवायची ते तुला आठवलं असणार. आठवू दे. ते वेगळं होतं.

फोनचं सांगते. दर गुरुवारी नीलमताईला खालून फोन करते. आधी मी बूथवर जात होते, तर मामीनं हात धरून आत नेलं, "इंगे, इंगे पण्णु," इथूनच कर. एवढा आग्रह कशासाठी? मी फोन लावला की ती जुईची परडी घेऊन शेजारच्या खांबाला टेकून बसते आणि गजरा ओवते. मी बोलत असेपर्यंत बसते. मी फोन ठेवला की उठते, मग गजरा अर्धा असला तरी. एकदा मी मधेच वळून बघितलं, तर सुई हातात तशीच आणि हिची नजर माझ्या ओठांवर.

समजत तर काही नाही तिला. मराठी बोलतेय म्हणून मी ताईशी बिनधास्त बोलते. या गुरुवारी म्हणाले, "नवरा कुठला यायला, आता वाजंत्र्यासारखा भाड्यानं आणावा लागेल." हसलो दोघी. मग म्हणाले, "आणि ही म्हातारी समोर बसली आहे घारीसारखी, हिला एक दिवस चांगली सुनावणार आहे." मामी खाली मान घालून ओवत होती. पण त्या दिवशी तिनं तो गजरा केसात माळायला मला दिला नाही. रोज देते.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला लागू आहे, कबूल. पण चोराला कधीकधी चांदणं खरंच पडलेलं असतं.

अठरा दिवस राहिले. शर्मिष्ठाला विचार, तिला मी हवी आहे का. फक्त तिला.

विद्युलता


७ जुलै २००३, सोमवार

कौशिक,

तू काल फोन केलास.

मी गच्चीतून कपडे घेऊन खाली येत होते. जिन्यात असतानाच मामीच्या तोंडून ‘पुणे’ ऐकलं आणि तिथेच थांबले. नारायणस्वामी झोपाळा थांबवून बघत होते. मामीनं फोन ठेवला, त्यांना तमिळमध्ये काहीतरी सांगितलं, ते मान हलवून चपला घालून देवळाकडे गेले. मला एवढंच दिसलं, की दोघांनी मिळून काही ठरवलं आणि मला कुणी काही सांगत नाही. माझं डोकं फिरलं. हातातले कपडे जिन्यावर टाकले आणि मी त्या बाईसमोर जाऊन उभी राहिले. मोडकं तमिळ सुचेना, इंग्रजी सुचेना, तोंडाला आलं ते मराठी. म्हणाले, माझ्या घरात चोरून शिरता, माझे फोन ऐकत बसता, माझी पत्रं चाळता, आता माझ्या नवऱ्याशी बोलून माझं घरही काढून घेतलंत, माझी मुलगी माझ्यापासून तोडलीत, काय बिघडवलं होतं मी तुमचं?

तिला कळणार नाही अशा समजुतीनं मी ओरडत होते, हे लक्षात घे. म्हणून जरा जास्तच बोलले. ‘घार’ही म्हणाले.

तिनं जिन्यावरचे कपडे उचलले. मग म्हणाली, "ओरडूं नका बाई. मज समजतें. पहिल्या दिवसापासून समजतें."

कौशिक, मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

तिचं माहेर तंजावरचं. तिकडे तीनशे वर्षांपूर्वी गेलेली आपलीच माणसं. अशी हजारो घरं इथे आहेत हे ऑफिसात मला दोनदा सांगितलं होतं, मी कानाआड केलं. मद्रासेत आपली भाषा कुणाला कळत नाही असं धरून चालणारी मी पहिली नसेन, पण त्या जोरावर कुणाच्या तोंडावर त्याची निंदा करणारी मीच असेन.

ती सावकाश बोलत होती, कपाटात ठेवलेलं भांडं पुसून काढावं तसा एकेक शब्द. तिचे शब्द आठवतात तसे लिहिते.

"घरीं आम्ही हेंच बोलत होतों. लग्न होऊन इकडे आलें, यांचें सगळें तमिळ. आई होती तोंवर वर्षांत एकदां जाऊन बोलून येत होतें. आई जाऊन एकतीस वर्षें झालीं. तुम्ही अक्काशीं टेलिफोन करतां ना, मी फुलें घेऊन बसतें. फुलें निमित्त."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

"कसें सांगूं? सांगितलें तर तुम्ही माझ्यासमोर बोलणार नाहीं. मग मी काय आयकूं?"

मी ड्रमबद्दल विचारलं. तेव्हा ती हसली, पहिल्यांदाच मोठ्यानं. "लॉरी दुपारीं येते. तुम्ही आपिसांत. तण्णी कोण धरील? मीच दोन कोडम वर नेऊन ओततें. तुम्हांस वाटलें तीन घागरींत सगळें भागतें?" चार, मी म्हणाले. "बरें, चार," ती म्हणाली. पंच्याहत्तर वर्षांची बाई, कौशिक, जिन्याच्या दोन खेपा, एकेका घागरीत पंधरा लिटर. आणि मी पावडर टाकून तिची पावलं मोजत होते.

आणि तो रोजचा प्रश्न, साहेब कधी येणार? तो दिरासाठी होता. नवरा येणार नाही हे तिला नीलमताईच्या पहिल्याच फोनपासून ठाऊक. तिनं रोज त्यांच्या कानावर घातलं नसतं, तर त्यांनी स्वतः तुझ्या फॅक्टरीत चौकशी केली असती. "माझा मैत्तुनर, दीर, वाईट नाहीं. पण पक्का. त्यास कागद पाहिजे, नाहीं तर रोज तेंच तेंच आयकायला पाहिजे."

आता तुझ्याकडे येते. तू इंग्रजीत विचारलंस, विद्युलता एकटी राहते का, तिच्याकडे कोण येतं, आणि मी तिचा नवरा आहे पण मी येणार नाही हे मालकांना सांगा. तिकडून मराठीत उत्तर आलं तेव्हा तू बराच वेळ बोललाच नाहीस म्हणे. "भ्याले वाटतें," असं मामी म्हणाली. तुला तिनं काय सांगितलं ते तू ऐकलं आहेस: घर चोखट आहे, लेंकराला धाडा, मी खालीं आहें. आणि नारायणस्वामींना तिनं सांगितलं, साहेबांना रजा नाही, ते मुलीबरोबर आपल्या हातचं पत्र पाठवतायत, दूध मायलेकींनी उतू घालवावं. "खोटें बोललें. देव क्षमा करील," म्हणाली आणि गालावर दोन चापट्या मारून घेतल्या.

तू फोन केलास याचा मला राग आला होता. आता नाही. तूही माझ्याकडूनच शिकलास.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे, दोन वर्षं. त्या वहीतले दर गुरुवारचे जास्तीचे किलोमीटर. तुझ्या सेक्शनमधल्या त्या बाईंचं नाव घेऊन मी वही तुझ्या अंगावर फेकली, शर्मिष्ठासमोर. तू म्हणालास, "घरी यावंसं वाटत नाही म्हणून संगमावर जाऊन बसतो." मी ते खोटं मानलं. खरं मानलं असतं तर मला त्या बाईंपेक्षा वाईट गोष्टीकडे बघावं लागलं असतं, ती म्हणजे मी. तू खरं बोलत होतास. मला तेव्हाही माहीत होतं. माझं चुकलं, कौशिक.

आता मागणं. शर्मिष्ठाला शुक्रवारी किंवा शनिवारी गाडीत बसव, आडी लागायच्या आत. तिच्याजवळ नारायणस्वामींच्या नावे इंग्रजीत दोन ओळी दे. खोटं लिही असं मी सांगणार नाही, खरं लिही असंही नाही. तुला वाटेल ते लिही आणि पाकीट बंद कर. त्यातल्या एका ओळीनं हे घर जाऊ शकतं, हे तुला आणि मला दोघांना कळतं.

विद्युलता


१४ जुलै २००३, सोमवार, सकाळ

कौशिक,

शर्मिष्ठा पोचली हे तिनं तुला काल फोनवर सांगितलंच आहे. बाकीचं मी सांगते.

गाडी चार तास उशिरा आली. घरी पोचलो तेव्हा पावणेचार. सगळे वरच होते. मामीनं उंबऱ्यात रांगोळीचा कोलम काढला होता, नवं पातेलं हळदकुंकू लावून शेगडीवर ठेवलं होतं. नारायणस्वामी पांढरीशुभ्र वेष्टी नेसून खुर्चीवर बसले होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. साडेचारला राहुकाळ लागणार होता.

लेकीला मी रिक्षात काही पढवलं नव्हतं. पढवायचं ठरवलं होतं, पण ती बाहेरचं सगळं बघत होती आणि माझा हात धरून होती. माझ्या तोंडून निघालं नाही.

नारायणस्वामींनी तिला जवळ बोलावून प्रेमानं विचारलं, "सो, व्हेन इज युअर फादर कमिंग?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ती म्हणाली, "ही वोंट कम, अंकल. दे डोंट लिव्ह टुगेदर." तुझाच स्वभाव.

शेगडीजवळ मामी माचिस हातात धरून उभी होती. नारायणस्वामी तिच्याकडे वळले. "उंगळुक्कु तेरियुमा, मन्नी?" वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं का. आणि मामीनं त्यांना मराठीत उत्तर दिलं, दिराला बहुधा पहिल्यांदाच: "होय. मज ठाऊक होतें." त्यांना शब्द कळले नाहीत, पण कळायचं ते कळलं. म्हातारा लालबुंद झाला. मला म्हणाले, "द लेटर."

तुझं पाकीट शर्मिष्ठाच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात होतं. तिनं ते स्टेशनवरच माझ्या हातात दिलं होतं. स्टेशनपासून घरापर्यंत ते माझ्या पर्समध्ये होतं. नुसत्या ओल्या बोटानं उघडलं असतं, गोंद इतका कमी लावला होतास. तुझे खिसे, तुझी बिलं, तुझी डायरी, मी सगळं उघडून बघितलेलं आहे. हे नाही उघडलं. बंद पाकीट त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा बदलून वाचलं. एकदा वाचलं, मग पुन्हा सुरुवातीपासून. लांबलचक असावं, कारण पान उलटलं. मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. घड्याळ बघितलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"राहुकालम् इज कमिंग," ते म्हणाले. "मिल्क फर्स्ट."

शर्मिष्ठानं काडी ओढली. माझ्या हातावर तिचा हात ठेवून आम्ही पातेलं धरलं. दूध वर आलं, काठावर थांबलं आणि मग चहूकडून उतू गेलं. मामीनं तोंडाशी हात नेऊन एकदाच ‘आई’ म्हटलं, ‘अम्मा’ नाही, आपण म्हणतो तसं. नारायणस्वामी खाली गेले आणि दहा मिनिटांनी करारपत्र घेऊन वर आले. भाडेकरूच्या जागी त्यांनी तुझं नाव खोडून माझं लिहिलं होतं. त्याची प्रत सोबत जोडली आहे, तुझ्या अटीप्रमाणे.

मामी कमरेची दुसरी किल्ली काढून देत होती. मी ती परत तिच्याच कमरेला अडकवली. आता शर्मिष्ठा रोज शाळेतून आली की तिच्याजवळ बसणार. मामी तिला जुनं मराठी शिकवणार आणि ही तिला नवं.

पत्रात तू काय लिहिलं होतंस, ते नारायणस्वामींनी सांगितलं नाही. कागद अजून त्यांच्या खिशात आहे, काल संध्याकाळी झोपाळ्यावर बसले असताना त्याचा कोपरा बाहेर दिसत होता. मी कॉफीचा पेला ठेवायला गेले होते, अगदी हाताच्या अंतरावर.

मी पेला ठेवला आणि वर आले. तुलाही विचारणार नाही.

विद्युलता